जागा आहे, चित्र नाही

…नाही, पण मला एक सांगा, दोनशे बारा चित्रं एकाच वेळी जातात कुठे? एखादं हरवलं तर समजू शकतो. चष्मा हरवतो, किल्ली हरवते, माझा तर एकदा अख्खा कुत्रा हरवला होता आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून खजील तोंडाने बाहेर आला… पण दोनशे बारा? आणि तीसुद्धा आपापली जागा सोडून! म्हणजे पान उघडावं तर वर मजकूर, खाली मजकूर, चित्राखालची ओळ जिथल्या तिथे, 'आकृती सदतीस, डावी नांगी, वरून', आणि त्या ओळीच्या डोक्यावर? स्वच्छ पांढरं! मोजून मापून, बोटभरही कमी नाही, जास्त नाही. जागा आहे, चित्र नाही!

तुम्हाला सांगतो, मी ॲथल प्रूइट, वय चौऱ्याहत्तर, टास्मानियात होबार्टला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. आता निवृत्त होऊन इकडे उत्तर किनाऱ्यावर वायनयार्डला राहतो, टोमॅटो लावतो, गोगलगायी ते खातात, मी बघतो. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. मार्लीन! मार्लीन टॅपस्कॉट. म्हणजे ग्लेनिसची धाकटी बहीण. आणि ग्लेनिस म्हणजे… थांबा, ग्लेनिसचं आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा पांढऱ्या कागदासाठी एवढा का रडतोय.

डॉक्टर ग्लेनिस टॅपस्कॉट. चाळीस वर्षं ही बाई गुडघाभर गार पाण्यात उभी राहून ओढ्यातल्या शेवंडी मोजत होती. आमच्याकडच्या ओढ्यांत हाताएवढ्या वाढतात त्या, आणि उचलायला गेलं की चावतात. ग्लेनिसही चावायची. प्रत्येक शेवंड तिने स्वतः काढलेली, शाईने, ठिपक्याला ठिपका लावून. एका नांगीला तीन तीन दिवस! मी म्हणायचो, "ग्लेनिस, फोटो काढ ना." तर मान वर न करता, "फोटोला महत्त्वाचं काय ते कळत नाही, ॲथल. तुझ्यासारखंच." असं बोलणं! आणि अशा बाईच्या हाताखाली मी तेवीस वर्षं काढली. आनंदाने काढली. तिला हे कधी सांगितलं का? छे! असलं काही सांगायची आमच्यात पद्धतच नाही.

आणि मग दोन हजार चार साली मी किटली लावली.

एवढंच! खून नाही केला, चोरी नाही केली, चहासाठी पाणी उकळायला किटली लावली. प्लगला जागा नव्हती म्हणून तिथला एक प्लग काढला. शुक्रवार दुपार. सोमवारी राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. मंगळवारी येऊन प्रयोगशाळेचं दार उघडतो तर… तो फ्रीजरचा प्लग होता हो. अकरा वर्षांच्या शेवंडी होत्या आत, ओढ्याओढ्यातून वेचून आणलेल्या, चिठ्ठ्या लावलेल्या. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, वरचे भूगोलवाले खाली विचारायला आले. ग्लेनिस आली, फ्रीजर उघडला, पाहिलं, बंद केला. ओरडली नाही! ओरडली असती, काही फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही. एकच वाक्य. "ॲथल, यापुढे माझ्या कशालाही हात लावू नकोस."

झालं. वीस वर्षं! वीस वर्षं एक शब्द नाही. निवृत्तीनंतर तीही वायनयार्डलाच आली, माझ्या घरापासून दोन रस्ते पलीकडे. बेकरीत समोरासमोर यायचो. मी लॅमिंग्टनचा केक घ्यायचो, ती पाव घ्यायची, आणि बेकरीवाली बिचारी दोघांशी हवापाण्याचं बोलून दमायची.

तर मार्लीनचा फोन. "ॲथल, ग्लेनिस बर्नीच्या इस्पितळात आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तीन आठवडे म्हणतायत. दोन असतील."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिने तुला बोलावलेलं नाही," मार्लीन म्हणाली. स्पष्ट बोलायचं हे त्या घरातच आहे. "मी बोलावतेय. तिचं पुस्तक तयार आहे, शेवंडींचं. एकदा हातात धरायचंय म्हणते. छापखान्यातला व्हिन्स छापून द्यायला तयार आहे, पण त्याला पीडीएफ हवी, आणि पीडीएफ केली की चित्रं येत नाहीत. तुला ते लेटेक कळायचं ना?"

कळायचं! आता लेटेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो… थोडक्यात सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! हे बघा, पुस्तकाची पानं मांडायचा हा संगणकाचा प्रोग्रॅम, पण यात तुम्ही पान बघत नाही, हुकूम लिहिता. इथे मथळा, इथे ठळक अक्षर, इथे चित्र. मग म्हणायचं, चल, चालव. की ते पान मांडतं. किंवा शिव्या देतं. आता गंमत अशी की चित्र काही त्याला काढता येत नाही. ते फक्त मापाने जागा सोडतं आणि पुढच्या गड्यासाठी चिठ्ठी ठेवतं, "बाबा रे, इथे शेवंड चिकटव." ही चिठ्ठी कुठल्या बोलीत लिहायची, ते ठरवणारा तो ड्रायव्हर. पूर्वी पुढचा गडी होता डीव्हीआयपीएस नावाचा, त्याची बोली निराळी. आता तो गडी मधे नसतोच, लेटेकातून थेट पीडीएफ निघते. पण चिठ्ठी तुम्ही त्याच जुन्या बोलीत लिहून ठेवलीत तर? नवा गडी ती उचलतो, उलटीसुलटी करून बघतो, म्हणतो, "काही कळत नाही बुवा", आणि केरात टाकतो. जागा आहे, चित्र नाही!

हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मार्लीनला ऐटीत म्हणालो, "अगं, ड्रायव्हरचा पर्याय चुकलाय, दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटं! हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाला कायद्याने शिक्षा हवी.

बुधवारी सकाळी मार्लीनच्या स्वयंपाकघरात बसलो, समोर ग्लेनिसचा संगणक. फाइल उघडली, आणि पहिल्याच ओळीत कोण बसलाय? डीव्हीआयपीएस! म्हटलं, सापडलास लेका. खोडला. चालवलं. पान आलं. जागा आहे, चित्र नाही! पुन्हा वाचत गेलो, तर रंगाच्या पॅकेजाला, म्हणजे रंगांच्या तयार हुकमांच्या गठ्ठ्याला, चिकटून दुसरा डीव्हीआयपीएस. तोही खोडला. दुव्यांचं एक पॅकेज असतं, त्याच्या पोटात तिसरा. ढेकणांसारखे हो! खोडला. चालवलं. यंत्र आपलं शांतपणे सांगतंय, 'अनोळखी सूचना, दुर्लक्ष केलं', 'अनोळखी सूचना, दुर्लक्ष केलं', किती वेळा? मोजलं मी. दोनशे बारा!

मार्लीन दर पाव तासाने डोकावायची. "आली का रे?"

"जागा आली."

"जागा नको, शेवंड हवी. बारा वाजता मला तिकडे जायचंय, तिला काय सांगू?"

"सांग, चाललंय काम."

"ते मी काल सांगितलं."

मग मी चिडून चित्रांच्या पॅकेजाला नव्या ड्रायव्हरचं नाव घालून सरळ हुकूमच दिला. तर म्हणतं, पर्यायांत भांडण! का? तर ग्लेनिसच्याच आणखी एका फाइलने ते पॅकेज आधीच बोलावलेलं, बिनपर्यायाचं, आणि मी आता पर्याय घेऊन परत बोलावतोय. म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला पुन्हा ताटावर बसवून विचारायचं, मीठ कमी घालू का? माझा हुकूम काढून टाकला. भांडण मिटलं. चित्रं? जागा आहे, चित्र नाही!

गुरुवारी मी शरण गेलो. इंटरनेटवर या लेटेकवाल्यांचा एक अड्डा आहे, जगभरचे जाणकार बसलेले असतात तिथे. विचारलं. पाच मिनिटांत एकाचं उत्तर, अगदी इस्त्री केलेलं. "ड्रायव्हर कधीही हाताने लिहू नये. पॅकेज तो स्वतः ओळखतं. सगळे उल्लेख काढावेत."

मी लिहिलं, काढले.

"मग चित्रं दिसतील."

दिसत नाहीत.

"हे अशक्य आहे."

घ्या! म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी मार्लीनच्या ओट्याशी बसून अशक्य गोष्ट करून दाखवतोय, आणि त्याचं कौतुक कुणाला नाही! वर म्हणतो, "कृपया छोट्यात छोटं उदाहरण सादर करावं." मी लिहिलं, अहो, इथे माणूस मरतंय! …आणि खोडलं. त्याचा काय दोष? त्याच्या घरी सगळी चित्रं दिसत असतील.

त्या दुपारी मार्लीन इस्पितळातून परत आली, पर्स टेबलावर टाकली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "हे काही नवीन नाही, ॲथल. दोन हजार सहा साली मेलबर्नच्या एका प्रकाशकाने हे पुस्तक घेतलं होतं. पीडीएफ मागितली त्याने. ही चार महिने धडपडत होती. चित्रं येईनात. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो प्रकाशकच राहिला नाही. मग तिने कुणाला दाखवणंच सोडलं. दर वर्षी नवी शेवंड घालायची आणि जुन्या संगणकावर, जुन्या प्रिंटरवर एक प्रत काढून कपाटात ठेवायची."

"मग मला का नाही विचा…" एवढं तोंडातून गेलं, आणि आठवलं. किटली.

मार्लीनने माझ्याकडे पाहिलं, आणि मला चहा करून दिला. किटलीत पाणी उकळत होतं, तेव्हा दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते छोट्यात छोटं उदाहरण करायला घेतलं. नवं फोल्डर, चार ओळी, एक शेवंड. चालवलं… आणि शेवंड आली! मिशा, नांग्या, ठिपके, सगळ्यासकट! मी असा ओरडलो की मार्लीनच्या हातून बशी गेली. धावत आली, "आलं?" म्हटलं, "एक आली!" "आणि बाकीच्या दोनशे अकरा?" लगेच तिच्या फोल्डरात जाऊन तीच चार ओळींची फाइल चालवली. तोच संगणक, तीच ओळ, तीच शेवंड. जागा आहे, चित्र नाही! मार्लीन म्हणाली, "म्हणजे त्या खोलीत दिसते आणि या खोलीत दिसत नाही?" आणि तुम्हाला सांगतो, तीन दिवसांत कुणी बोललेलं पहिलं शहाणं वाक्य ते! खोलीतच काहीतरी होतं.

त्या फोल्डरात सहाशे चाळीस फाइली. अर्ध्या उचलून बाहेर ठेवायच्या, चालवायचं, दिसतं का? नाही. उरलेल्यांतल्या अर्ध्या बाहेर… असं करत करत दुपारपर्यंत आत उरली एक फाइल. ग्राफिक्स डॉट सीएफजी. इवलीशी, दोन ओळींची. ही असली फाइल मुळात यंत्राच्या पोटात असते, चित्रांच्या पॅकेजाला आपण होऊन ड्रायव्हर कुठला ते सांगणारी. पण तशीच एखादी तुमच्या फोल्डरात पडलेली असली तर पॅकेज आधी हिचंच ऐकतं. उघडली. दुसऱ्या ओळीत हुकूम, 'ड्रायव्हर डीव्हीआयपीएस'. आणि पहिल्या ओळीत एक शेरा. वाचला. चष्मा पुसला. परत वाचला.

'याला हात लावू नये. ॲथल, मार्च १९९८.'

हसा! मीही हसलो असतो. मला आठवलं हो सगळं. प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला होता, त्यावर चित्रं उमटेनात, मी दोन दिवस खपून ही फाइल केली, आणि पहिली शेवंड कागदावर उतरली तेव्हा ग्लेनिस म्हणाली होती, "बरं केलंस." तेवीस वर्षांत एकदाच म्हणाली. म्हणून मी फुशारकीने तो शेरा मारला. आणि बघा, चाळीस वर्षं कुणाच्या बापाचं न ऐकलेली बाई, कुलगुरूला दारातून परत पाठवणारी, तिने आयुष्यात एका माणसाची एक सूचना तंतोतंत पाळली. माझी! अकरा वर्षांच्या शेवंडी मी फ्रीजरात घालवल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढची अठरा वर्षं मीच घालवली, हे त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

फाइल काढली. चालवलं. दोनशे बाराच्या दोनशे बारा. या वेळी ओरडलो नाही. मार्लीन मागे उभी होती, एकेक पान पुढे जात होतं, आणि ती हळूच म्हणाली, "ही आमच्या घरामागच्या ओढ्यातली." कुठली? पांढऱ्या जागेतली सदतीस नंबरची.

शनिवारी व्हिन्सकडे. व्हिन्स काझमारेक, त्याच्या बापापासूनचा छापखाना, आवाज असा की यंत्राला बंद पडावंसं वाटावं. "बांधणीचा डिंक सुकायला चार दिवस लागतील, ॲथल!"

"चार दिवस नाहीत, व्हिन्स."

त्याने माझ्याकडे बघितलं, टोपी मागे सारली. "सोमवारी सकाळी ये."

सोमवारी पुस्तक घेऊन बर्नीला गेलो. इस्पितळाच्या दारात परिचारिका म्हणाली, "थकल्यात त्या, दहा मिनिटं फक्त." आत गेलो. ग्लेनिस एवढीशी झाली होती. ओढ्यात पाय रोवून उभी राहणारी ती बाई, उशीवर नुसतं नाक आणि डोळे.

"कोण?"

"ॲथल."

"किटलीवाला?"

वीस वर्षांनी पहिला शब्द! म्हटलं, "हो."

पुस्तक तिच्या पांघरुणावर ठेवलं. उचलवेना तिला. मी धरलं, तिने पानं उलटली. नुसती बोटं चित्रावरून फिरतायत, ठिपके मोजल्यासारखी. जागा आहे आणि चित्रही आहे! मग म्हणाली, "काय होतं?"

"ड्रायव्हर."

"तो मी सगळीकडचा बदलून पाहिला होता. मग परत होता तसा ठेवला."

मला खोटं बोलता आलं असतं. यंत्राचं काही खरं नाही, एवढं म्हणून सुटलो असतो. बसच्या अख्ख्या प्रवासात तेच ठरवून आलो होतो. "एक वेगळी फाइल होती," मी म्हणालो. "दोन ओळींची. माझी."

तिने डोळे मिटले. "हात लावू नये," ती म्हणाली. पाठ होतं तिला! "उघडली होती मी ती. काढावीशी वाटली. पण तू लिहिलं होतंस. यंत्रातलं तुला कळतं, असं धरून चालले होते. विचारायचं तर बोलणं बंद."

"बंद…"

"मी केलं होतं. माहीत आहे मला."

डोळे उघडून तिने एक पान उलटलं. मग ती म्हणाली, "फ्रीजर मी माफ केलेला नाही."

"बरं."

"हेही करणार नाही."

"बरं."

"मग बस ना, उभा काय राहिलायस?"

बसलो. दहा मिनिटांचा तास झाला, परिचारिका दोनदा डोकावली आणि परत गेली. एकेक पान उलटत गेलो. कुठला ओढा, कुठलं साल, कोण घसरून पडलं होतं, मीच पडलो होतो. आणि एकशे बाराव्या पानावर तिचं बोट थांबलं. जुनी ग्लेनिस परत आली, तो आवाज! "हे काय? खाली मादी लिहिलंय."

"मग?"

"नर आहे तो! पायांच्या मुळाशी बघ ना, गाढवा. मी अशी चूक केली? दुरुस्त कर."

मी पुस्तक मागे ओढलं. "ग्लेनिस, आत्ता कुठे चालतंय ते. परत चालवायला गेलो आणि…"

"लाव हात," ती म्हणाली, आणि झोपली.

मी धावत घरी आलो. मंगळवारी सकाळी मार्लीनकडे जाऊन एक शब्द बदलला, चालवलं, आणि चित्रं आली! सगळी! पळत व्हिन्सकडे गेलो, "व्हिन्स, एक शब्द बदललाय!" तर तो टेबलाकडे बोट दाखवतो. मार्लीनने सांगितलेल्या चाळीसही प्रती. बांधून, रचून, डिंक वाळून तयार. "तूच म्हणालास ना चार दिवस नाहीत! यंत्र चालू होतं, सगळ्याच काढून टाकल्या!" आणि चेहरा असा आनंदी, असा आनंदी, की ती चूक सांगायची मी सोडूनच दिली.

गुरुवारी सकाळी मार्लीनचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ॲथल, आता घाई नाही."

शनिवारी निरोपाचा कार्यक्रम होता, गावच्या सभागृहात. येणाऱ्या प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं, असं मार्लीनने ठरवलेलं. बाहेर खुर्च्या लागत होत्या, कुणीतरी सँडविच कापत होतं, आणि मी मागच्या स्वयंपाकघरात चाळीस प्रती मांडून एकटाच बसलो होतो. पान एकशे बारा, 'मादी'वर रेघ, बाजूला सुबक अक्षरात 'नर'. पान एकशे बारा, रेघ, नर. म्हटलं, ॲथल, हे तरी तुला जमेल, पेनाला काही ड्रायव्हर लागत नाही.

अकराव्या प्रतीला रिफिल संपली.